घर कुणाच्या नावावर?

माझ्यावर दोन नट्यांचं ऋण आहे. एक लंडनची. ती १६८७ साली वारली आणि मी तिला पाहिलं ते पडद्यावर, दुसऱ्याच एका नटीच्या रूपात. दुसरी कोल्हापूरची. त्यांच्या माडीवर मी माझ्या लेकीला घेऊन बरीच वर्षं राहिले. लंडनची नटी मला कळली ती कोल्हापूरच्या नटीमुळे, म्हणून दोघींविषयी एकत्रच लिहिते.

कोल्हापूरच्या नटीचं नाव देत नाही. "माझ्यावर काय लिवायचं असंल तर मी गेल्यावर लिव, आनि नाव घालू नगंस," असं त्यांनी बजावलं होतं. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना आक्का म्हणत. मीही आक्काच म्हणत असे.

मी नवऱ्याचं घर सोडून कोल्हापूरला आले ती एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला. नोकरी होती, पगार होता, पण खोली मिळेना. घर दाखवायचे, भाडं ठरायचं, आणि मग "मिस्टर कुठं असतात?" हा प्रश्न यायचा. उत्तर ऐकलं की घरमालकाच्या भाच्याचं लग्न निघायचं, नाहीतर मुलगा परगावाहून परत यायचा आणि खोली त्यालाच लागायची. शेवटी कॉलेजच्या शिपायाने मंगळवार पेठेतलं एक घर सुचवलं. "बाई चांगल्या हायत, पण…" एवढं म्हणून तो गप्प झाला. त्या 'पण'चा अर्थ मला दोन आठवड्यांनी गल्लीतल्या बायकांनी सांगितला. आक्का नाटक कंपनीतल्या.

आक्कांनी मला विचारलं ते एवढंच: "नळाला पानी पहाटं पाचला येतंय. उठनार का?" मी हो म्हटलं. त्यांनी किल्ली दिली. डिपॉझिटचं विचारलं तर म्हणाल्या, "पगार झाला की बघू." त्यानंतर डिपॉझिटचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. मी तासाला गेले की लेक त्यांच्याकडे असायची. ती शाळेत नाटुकल्यात उभी राहू लागली तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत आवाज कसा पोचवायचा हे तिला आक्कांनी शिकवलं. ओरडायचं नाही, शब्दाचं शेवटचं अक्षर गिळायचं नाही, एवढीच युक्ती. मी आजही वर्गात तीच वापरते.

घरात आक्का अस्सल कोल्हापुरी बोलत. पण बोलता बोलता एखाद्या जुन्या नाटकातलं वाक्य आलं की तेवढं वाक्य लखलखीत पुस्तकी मराठीत, हेल न घेता, आणि लगेच पुढचं "व्हय गं" परत आपल्या जागी.

त्या काळात मी प्रबंधासाठी इंग्लंडच्या सतराव्या शतकातल्या नाटकांचा अभ्यास करत होते. १६४२ मध्ये तिथे प्युरिटन मंडळींनी नाट्यगृहं बंद केली. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स परदेशातून परत येऊन गादीवर बसला आणि ती पुन्हा उघडली. त्या नव्या रंगभूमीवर प्रथमच बायका उभ्या राहिल्या. तोवर स्त्रियांच्या भूमिका पोरगेले नट करत. नाटककार ड्रायडनच्या विनोदी नायिका ज्या नटीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या गेल्या तिचं नाव नेल ग्विन. माझ्या संदर्भग्रंथांत ती बहुतेक वेळा तळटिपेत भेटायची. राजाची रखेली, पूर्वी संत्री विकायची, हजरजबाबी. बस्स. लंडनला असलेल्या मावसभावाला मी हे पत्रात लिहिलं होतं, तर त्याने तिकडच्या टीव्हीवर लागलेला एक जुना चित्रपट कॅसेटवर टेप करून कुणाबरोबर तरी पाठवून दिला. 'नेल ग्विन', १९३४.

आक्कांकडे टीव्ही होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणला. लेक झोपली, आणि मी पडद्यावरचं इंग्रजी ऐकून एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. मधेच थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा सांगायचं. दीड तासाच्या आतलाच चित्रपट, तो संपायला मध्यरात्र उलटली.

चित्रपट म्हणून तो फार थोर नाही, हे आधीच सांगून टाकते. हर्बर्ट विल्कॉक्सने याच बाईवर १९२६ मध्ये डोरोथी गिशला घेऊन मूकपट काढला होता. बोलपट आल्यावर त्याने तीच गोष्ट परत हाती घेतली आणि या खेपेला ॲना नीगलला नेल केलं. सेड्रिक हार्डविक राजा झाला. कॅमेरा फ्रेडी यंगचा. पुढे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'चं वाळवंट याच माणसाने टिपलं. इथे त्याच्या वाट्याला आल्या आहेत स्टुडिओतल्या भिंती, मेणबत्त्या आणि केसांचे टोप. पटकथा माइल्स मॅलेसनची, आणि राजाच्या खासगीतला चिफिंच तोच झालाय. प्रसंग तुटक आहेत, राजकारण जवळजवळ नाहीच. नेलची आई, तिचा धाकटा मुलगा, राजाच्या आधीचे तिचे दोन चार्ल्स (नट चार्ल्स हार्ट आणि लॉर्ड बकहर्स्ट, म्हणून ती राजाला आपला तिसरा चार्ल्स म्हणे) यांचा फारसा पत्ता लागत नाही. पण ॲना नीगल पडद्यावर आली की नजर हलत नाही.

आक्कांनी ती पहिल्यांदा रंगमंचावर येते तेव्हाच म्हटलं, "ही नाचनारी हाय. पायावरनं कळतंय. बोलायला मागनं शिकल्याली." मला हे माहीत नव्हतं. पुढे वाचनात आलं की नीगलची सुरुवात खरोखरच लंडनच्या रिव्ह्यूंमध्ये समूहात नाचणारी मुलगी म्हणून झाली होती. राजाबद्दल त्यांचं मत: "ह्यो दमलाय. चांगला केलाय त्येनं. दमल्याला राजा करायला अवघड असतोय, लोकं उगीच छाती काढून फिरत्यात." हार्डविकच्या चार्ल्सवर मी त्यानंतर कितीतरी इंग्रजी परीक्षणं वाचली. इतक्या नेमकेपणाने कुणी लिहिलेलं मला आठवत नाही.

पोरगेल्या नटांचं ऐकून त्या खूश झाल्या. हे त्यांच्या अनुभवातलं होतं. आक्का कंपनीत आल्या तेव्हा मराठी रंगभूमीवर बायका येऊन फार काळ लोटला नव्हता. हिराबाई बडोदेकरांच्या नाटक मंडळीत आणि १९३३च्या 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रिया दिसल्या होत्या, पण गावोगावच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत अजून बालगंधर्वच होते. "पुरुषानं नेसल्यालं लुगडं बघायची सवय झाल्याल्या डोळ्यांना बाईनं नेसल्यालं खरं वाटायचं न्हाई," आक्का म्हणाल्या. "आमाला बाईसारखं चालायला शिकवायला कंपनीत पुरुष मास्तर हुते." माझ्या प्रबंधात त्या काळातल्या अभिनयावर एक प्रकरण होतं. ते मी दुसऱ्या दिवशी बाजूला ठेवलं आणि नव्याने लिहायला घेतलं.

मग संत्री. ड्रुरी लेनजवळचं किंग्ज कंपनीचं नाट्यगृह १६६३ मध्ये उघडलं. तिथे फळं विकायचा परवाना मेरी मेग्ज नावाच्या बाईकडे होता, लोक तिला ऑरेंज मॉल म्हणत. तिच्या हाताखालच्या मुली पाठमोऱ्या होऊन रंगमंचाला टेकून उभ्या राहायच्या आणि सहा पेन्सला एक संत्रं विकायच्या. नेल त्यांतली. मी हे सांगितल्यावर आक्कांनी विचारलं, "आनि चिठ्ठ्या?" मी चमकले. कारण पुस्तकांत तेही होतं: समोर बसलेल्या सरदारांचे निरोप आत नट्यांकडे पोचवायचे ते या फळवाल्या मुलींनीच. "आमच्यात गजरेवाल्या हुत्या," आक्का म्हणाल्या. "गजरा कुनाचा हाय त्ये गजऱ्यासंगंच कळायचं." पुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. आमच्यात हा अलिखित करार होता. त्या आपल्या धंद्याबद्दल कितीही बोलायच्या, आपल्या आयुष्याबद्दल एक शब्द नाही.

सॅम्युएल पीप्स हा नौदलाच्या कचेरीतला अधिकारी. त्याने १६६०पासून नऊ वर्षं रोजनिशी लिहिली, म्हणून नेल रंगमंचावर कशी होती हे आपल्याला आज कळतं. १६६७च्या मार्चमध्ये ड्रायडनच्या 'सीक्रेट लव्ह' नाटकातलं तिचं काम पाहून तो वेडा झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो नाट्यगृहात आत, नट्यांच्या कपडे करायच्या खोलीत गेला. तिथे नेल रंग लावून तयार होत होती आणि बाहेर प्रेक्षक थोडे आले म्हणून शिव्या घालत होती. पीप्सला त्या शिव्यांची मोठी गंमत वाटली. चित्रपटात हा पीप्स आहे, हा प्रसंग नाही. मी तो आपणहून सांगितला. आक्का इतक्या हसल्या की लेक जागी झाली.

"गंमत कसली?" हसू आवरल्यावर त्या म्हणाल्या. "नाइट बुडाली हुती तिची. रिकाम्या खुर्च्या मोजत रंग लावायचा म्हंजे काय असतंय त्ये त्या लिवनाऱ्याला काय ठावं."

पीप्सच्या या नोंदीवर तोवर जे काही माझ्या वाचनात आलं होतं त्यात नेलची शिवराळ वाणी होती, खेळकरपणा होता, पुरुषी नजरेवरचं भाष्य होतं. नाइट कुठे नव्हती. खेळावर पोट असणारी बाई, आणि आज गल्ला नाही, हा साधा अर्थ लावायला विंगेत उभं राहिलेलं माणूस लागलं. माझ्या प्रबंधात ते वाक्य आहे, तळटिपेत 'एका ज्येष्ठ अभिनेत्रीशी झालेल्या संभाषणातून' असं. मार्गदर्शकांनी ती तळटीप काढायला सांगितली होती. मी काढली नाही.

चित्रपटातली खरी लढत नेल आणि पोर्ट्समथची डचेस यांच्यात आहे. ही लुईस द केरुआय, राजाची दुसरी रखेली, फ्रान्सहून आलेली, खानदानी, कॅथलिक, आणि लंडनच्या लोकांच्या मते चौदाव्या लुईची हेर. नेल तिची यथेच्छ टिंगल करते. मोठ्या काठाच्या टोपीचा एक प्रसंग आहे, नीगल टोपीखाली जवळजवळ नाहीशी होते. इतिहासातही नेलने अशा खोड्या काढलेल्या आहेत. डचेस एका फ्रेंच उमरावासाठी नात्याचा दावा करत सुतकी काळे कपडे घालून आली, तर दुसऱ्या दिवशी नेलही काळ्या कपड्यांत हजर: आपले तार्तरीचे खान वारले म्हणून. १६८१ मध्ये ऑक्सफर्डला जमावाने नेलची बग्गी डचेसची समजून अडवली, तेव्हा तिने डोकं बाहेर काढून लोकांना सांगितलं की तुम्ही समजता ती कॅथलिक मी नव्हे, मी प्रॉटेस्टंट आहे, आणि स्वतःचा धंदाही उघड शब्दांत सांगितला. लोकांनी टोप्या उडवल्या.

टोपीच्या प्रसंगाला आक्का हसल्या खऱ्या, पण लगेच त्यांनी हात वर करून मला कॅसेट थांबवायला लावली.

"ह्ये सगळं ऱ्हाऊ दे. घर कुनाच्या नावावर हाय तिचं?"

मला उत्तर माहीत होतं, कारण इंग्रजी लेखकांना ही कथा फार आवडते. राजाने नेलला पॅल मॉल रस्त्यावर घर दिलं. कागद पाहिला तर तो भाडेपट्टा निघाला. नेलने तो परत पाठवला. आपण राजाला जे दिलं ते विनाअट दिलं, तेव्हा घरही विनाअट हवं, असा तिचा निरोप होता म्हणतात, आणि शब्दांत चावटपणा होता तो वेगळाच. निरोपाची गोष्ट दंतकथा असेल, पण पुढचं दप्तरात आहे: १६७६ मध्ये ते घर कायमच्या मालकी हक्काने विश्वस्तांमार्फत तिच्याकडे आलं. नेलला लिहिता येत नव्हतं. कागदावर 'ई. जी.' ही दोन अक्षरं ती कशीबशी काढायची.

"दोन अक्षरं पुरत्यात," आक्का म्हणाल्या. "लाव आता फुडं."

या राजाशी मुंबईचा संबंध आहे. चार्ल्सची लग्नाची राणी पोर्तुगालची, ब्रगांझा घराण्यातली कॅथरीन. १६६१च्या विवाहकरारात पोर्तुगालने हुंड्यात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला देऊन टाकलं. गोव्यात बसलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने नाखुशीने ताबा सोडला तो १६६५ मध्ये, आणि राजाने १६६८ मध्ये ते बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने देऊन टाकलं. आक्कांनी हे दोनदा सांगायला लावलं. मग राणीला काय मिळालं, हा त्यांचा प्रश्न. मूल झालं नाही, नवरा दुसरीकडे, आणि माहेराहून आणलेलं गावही नवऱ्याने भाड्याने लावलं. "मुंबई आनली आनि हात हालवत बसली बिचारी," आक्का म्हणाल्या. राणीबद्दल त्यांना नेलपेक्षा जास्त वाईट वाटलं. चित्रपटाला राणीचं फारसं सोयरसुतक नाही.

शेवटी राजा मरतो. ६ फेब्रुवारी १६८५. मरताना भावाला त्याने बजावलं की बिचाऱ्या नेलीची उपासमार होऊ देऊ नका. हे इतिहासात नमूद आहे आणि चित्रपटाचा शेवटही त्याच शब्दांवर उभा आहे. मला गहिवरून आलं होतं. आक्का शांत होत्या. "मरताना समदेच म्हंत्यात," त्या म्हणाल्या. "भावानं दिलं का?"

भावाने दिलं. दुसऱ्या जेम्सने तिच्या डोक्यावरचं दुकानदारांचं कर्ज फेडलं आणि वर्षाला १५०० पौंड लावून दिले. दोन वर्षांनी अर्धांगाचे झटके येऊन नेल गेली, वय अवघं सदतीस. गेली ती पॅल मॉलच्या स्वतःच्या घरात. मृत्युपत्रात तिने गरिबांसाठी आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना सोडवण्यासाठी पैसे ठेवले. स्वतः प्रॉटेस्टंट म्हणून मिरवलेली ही बाई कॅथलिक गरिबांनाही विसरली नाही. सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमध्ये तिच्यावर प्रवचन केलं टॉमस टेनिसनने. हा टेनिसन पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला.

यावर आक्कांनी मान हलवली. समाधानाने.

अमेरिकेतली गोष्ट मला नंतर कळली आणि मी ती जेवताना त्यांना सांगितली. १९३४ मध्येच अमेरिकेत सिनेमाच्या नीतिनियमांची कडक अंमलबजावणी सुरू झाली होती. राजाची ठेवलेली बाई शेवटपर्यंत सुखात आणि प्रेक्षकांची लाडकी, हे तिथल्या नियमांत बसेना. म्हणून तिकडे दाखवायच्या प्रतीला आगामागा जोडण्यात आला. त्यात राजा गेल्यावर नेल दैन्याला लागलेली, रस्त्यावर आलेली दाखवली. पापाचं फळ.

आक्कांचा घास हातात राहिला.

"म्हंजे घर काढून घेतलं तिच्याकडनं," त्या म्हणाल्या.

सेन्सॉरशिपवर मी आजवर पुष्कळ परिसंवाद ऐकले. नीती, अभिव्यक्ती, बाजार, सगळं ऐकलं. तीनशे वर्षांपूर्वी राजाशी भांडून, दोन अक्षरांची सही करून मिळवलेलं घर काही कारकुनी डोक्यांनी दोन-चार दृश्यांत जप्त केलं, असं कुणी म्हटलं नाही. आणि हे फक्त अमेरिकेत झालं असं नाही. आपल्याकडच्या नाटकासिनेमांतल्या नायकिणी, तमासगिरिणी, नट्या शेवटी कुठे जातात ते आठवून पाहा. नायकाच्या पायाशी, नाहीतर रस्त्यावर, नाहीतर खोकत खोकत सरकारी दवाखान्यात. पाहणाऱ्याचं मन हलकं होतं. घराचा दाखला पडद्यावर कुणी दाखवत नाही.

आक्कांचा दाखला मी पाहिला आहे. सिटी सर्व्हेच्या कचेरीत प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढायचा होता, गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवेना, म्हणून मला सोबत नेलं. कारकुनाने उतारा दिला, मी वाचून दाखवला. आक्कांचं नाव, त्यापुढे त्यांच्या आईचं. बापाचं नाही, कुणा पुरुषाचंच नाही. घर कुणी घेऊन दिलं, नाइटच्या पैशांतून उभं राहिलं की आणखी कशातून, हे कागदावर नव्हतं.

"दुसरं कुनाचं नाव न्हाई न्हवं?" त्यांनी बाहेर आल्यावर विचारलं.

"नाही."

"मग झालं."

त्यांच्याबरोबर काम केलेल्या बायकांबद्दल मात्र त्या मोकळेपणाने बोलायच्या. एकीला जहागीरदाराने वाडा दिला होता, तोंडी. तो मेल्यावर तेराव्याच्या आत तिचं सामान बाहेर आलं. दुसरीने दागिने घेतले, कंपनी बुडाली तेव्हा ते सगळे सावकाराकडे गेले. तिसरी आक्कांच्याच घरी, मागच्या खोलीत, शेवटपर्यंत राहिली. मी आले तेव्हा त्या खोलीत तिचा फोटो होता आणि तिची मुलगी नर्सिंगचं शिक्षण घेत होती, आक्कांच्या पैशांवर. माझ्या आधी त्या माडीवर कोण कोण राहून गेलं याची यादी गल्लीतल्या बायकांनीच मला ऐकवली, मला घाबरवायला. नवऱ्याने टाकलेली शिक्षिका, घरातून पळून आलेली एक मुलगी, बाळंतपणाला कुणी नसलेली एक परप्रांतीय बाई. ती यादी ऐकून मी घाबरले नाही, उलट निश्चिंत झाले. या घराला अशा बायकांची सवय होती.

लेक सातवीत गेली तेव्हा आक्कांनी मला घरातून काढायला सुरुवात केली. रोज सकाळी तोच विषय. "भाडं किती दिवस भरनार? नावावर कर कायतरी." बँकेच्या कर्जाचे कागद आले, पण सुरुवातीला भरायची रक्कम कमी पडत होती. आक्कांनी ट्रंकेतून पितळी डबा काढला, आतलं पुडकं माझ्या हातावर ठेवलं. लिहून घ्या म्हटलं तर रागावल्या. बाकी सगळीकडे कागदाचा आग्रह धरणारी ही बाई, इथे कागद नको म्हणाली. "ह्ये येगळं," एवढंच स्पष्टीकरण. मी दर महिन्याला थोडं थोडं परत देत गेले. सगळं फिटण्याआधी त्या गेल्या. उरलेली रक्कम कुणाला देऊ, असं मी मागच्या खोलीतल्या त्या मुलीला विचारलं. आक्कांनी घर तिच्या नावावर केलं होतं, रीतसर वकील बोलावून. ती आता नोकरीत मोठ्या हुद्द्यावर आहे. म्हणाली, "मला द्यायचं न्हाई असं आक्का सांगून गेल्यात. माडीवर जी येईल तिला द्या." तसं चाललं आहे.

ज्या नाट्यगृहात आक्का पहिल्यांदा उभ्या राहिल्या ते कोल्हापूरचं, शाहू महाराजांनी बांधलेलं, केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं. नेलचं नाट्यगृह जळालं जानेवारी १६७२ मध्ये. नेलचं मूळ घरही पुढे पाडलं गेलं आणि तिथे दुसरी इमारत झाली. पण पॅल मॉलच्या दक्षिण बाजूची बाकी जमीन राजसत्तेच्या मालकीची आणि नेलच्या घराची, ७९ क्रमांकाची, तेवढी नाही, अशी परिस्थिती आजतागायत आहे. इमारतीवर नेलच्या नावाची पाटी आहे. चित्रपटातल्या ॲना नीगलने तीनच वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याच विल्कॉक्सच्या चित्रपटात राणी व्हिक्टोरियाचं काम केलं आणि पुढे तिला सरकारी किताबही मिळाला. नेलला स्वतःला कसलाच किताब मिळाला नाही. तिच्या मुलाला १६८४ मध्ये ड्यूक ऑफ सेंट अल्बन्स केलं, आणि ते घराणं अजून चालू आहे.

आक्कांचे कंपनीतले फोटो दोन-तीनच राहिलेत. हस्तपत्रकं होती ती वाळवीने खाल्ली. नाइटचा हिशेब लिहिलेली एक वही मिळाली, ती मी जपून ठेवली आहे. वाचणाऱ्यांना विनंती एवढीच: तुमच्या घरी, आजोळी, माळ्यावर, अशा कुणा नटीचं, गायिकेचं, तमासगिरिणीचं करारपत्र, पावती, हिशेबाची वही, खरेदीखत असं काही असेल तर लाजेपायी जाळू नका, रद्दीतही घालू नका. सिनेमाशी संबंधित असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात विचारा, नाटकाचं असेल तर जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात. आणि देताना त्या बाईचं पूर्ण नाव सोबत लिहून द्या, तिने नको म्हटलं नसेल तर.